झेंडीजवळचा गोलकीपर

"शिर्के, हात वर न्या. आणखी वर. खांद्याच्या वर."

"जात नाहीत, बाई."

"जात नाहीत म्हणजे? दुखतायत का?"

हात ठणठणीत होते. पण गोल्फची काठी, म्हणजे क्लब, खांद्यापर्यंत गेला की आपोआप अडायचा. आम्ही हॉकी शिकलो त्या काळी स्टिक खांद्याच्या वर गेली की फाउल धरत, आणि कोल्हापूरचे आमचे गुरुजी शिट्टी फुंकायच्या आधी पोटरीवर छडी ओढत. पुढे नियम बदलला, पण पोटरीला ते कोणी कळवलं नव्हतं. मी तसाच अर्ध्यातून मारला. चेंडू जमिनीलगत सरपटत गेला आणि समोरच्या झुडपात शिरला.

"पास छान दिलात," उर्मिलाबाई म्हणाल्या. "पण तिकडं घ्यायला कोणी नाहीये."

उर्मिलाबाई पालकर म्हणजे चाकणला पंपांचा कारखाना चालवणाऱ्या बाई. वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर पांढरी टोपी, पायात नवऱ्याच्या आठवणीचे म्हणून जपलेले जुने गोल्फचे बूट, आणि जिभेला हाड नावाला नाही. त्या दिवशी त्यांच्या चौघांच्या गटात मला घातलं होतं. बाकीचे दोघे त्यांच्या ओळखीचे डॉक्टर होते आणि बाईंपुढं फारसे बोलत नव्हते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या संघाचा कर्णधार होतो. व्यावसायिक लीग नवी नवी सुरू झालेली, आमचे चेहरे टीव्हीवर दिसायला लागलेले. खडकीला मुलींसाठी राहून शिकायची हॉकी शाळा काढायची असं आम्ही खेळाडूंनी मनावर घेतलं होतं. जागा मिळाली होती, पण मैदानावर अंथरायच्या टर्फसाठी मदत हवी होती. आमचा मॅनेजर म्हणाला, पैसेवाल्यांना हॉकीला बोलावलं तर ते शुभेच्छा पाठवतात, गोल्फला बोलावलं तर स्वतःचे बूट घेऊन येतात. म्हणून तळेगावच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका क्लबात आम्ही गोल्फची स्पर्धा ठेवली. यजमान आम्ही आणि खेळ त्यांचा. प्रत्येक गटात एक हॉकीवाला. आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडू मारला की त्याच्यामागं धावत सुटायचा, आणि दुसऱ्या कोणी मारला तरी धावायचा. लेफ्ट आउटनं तर चेंडू वाळूच्या खड्ड्यातून क्लबनं लोटत लोटत बाहेर आणला आणि वर टाळ्यांची वाट बघत उभा राहिला. पाहुणे पोट धरून हसत होते. हौसेला मोल नाही म्हणतात, त्या दिवशी मात्र हौसेच्या जोरावरच मैदान उभं राहायचं होतं.

माझं लक्ष मात्र खेळात नव्हतं. ते शेवटच्या हिरवळीवर होतं, जिथं मन्या साळवे झेंडी धरून उभा होता.

मन्या म्हणजे इम्मानुएल साळवे, आमचा गोलकीपर. खडकीच्या चर्चमागच्या चाळीतला. अकरावीत असताना एका शिबिरात त्याची माझी गाठ पडली, आणि तिथून पुढं आम्ही देशभर एकाच खोलीत झोपलो. माझ्या बायकोला माझ्या घोरण्याची तक्रार करायची झाली तर ती आधी मन्याला विचारायची. दोन वर्षांपूर्वी सराव संपल्यावर तो हेल्मेट काढून पाणी पीत बसला होता, आणि पलीकडच्या मैदानावरून उडालेला चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. चूक कोणाचीच नव्हती. कोणाची असती तर बरं झालं असतं, निदान त्याला कोणावर तरी ओरडता आलं असतं. डोळा गेला.

तेव्हापासून तो घरी होता. कंपनीनं खेळाडू म्हणून दिलेली नोकरी टिकली होती, ऑफिसात जाऊन सही करायचा आणि परत यायचा. शाळेची कल्पना निघाली तेव्हा गोलकीपर पोरींना शिकवायला मन्या, हे आम्ही कोणी वेगळं ठरवलंसुद्धा नाही, ते ठरलेलंच होतं. तो मात्र नाही म्हणाला. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा नाही.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, शिर्क्या?" तो म्हणाला होता. "मला चेंडू दिसत नाही. कुठवर आलाय, किती लांब आहे, काही कळत नाही. चहाचा कप धरायला जातो तर हात दोन बोटं अलीकडं पडतो. मी पोरींना काय शिकवू?"

आणि मग त्यानं नागपूरला बदली मागून घेतली. कंपनीच्या गोदामात, टेबलावर. खडकीत सकाळी खिडकी उघडली की मैदानावरची ठकठक ऐकू येते, ती नको होती त्याला. सोमवारी हजर व्हायचं होतं. आमची स्पर्धा शनिवारी होती.

आदल्या दिवशी मन्याच्या बायकोचा, रिबेकावहिनींचा फोन आला. "भावोजी, उद्या त्यांना घेऊन जा तुम्ही. काही पण काम सांगा. नागपूरला गेले तर ते परत यायचे नाहीत. म्हणजे माणूस येईल, पण आमचे हे येतील का मला माहीत नाही."

मी मन्याला सांगितलं, शेवटच्या हिरवळीवर झेंडी धरायला माणूस हवा, आमच्यातलाच हवा, पाहुण्यांना बरं वाटतं. तो म्हणाला, "म्हणजे खांब." मी म्हणालो, "खांबच, पण ओळखीचा." यावर तो आला. काळा चष्मा लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सकाळी माझ्या गाडीत बसला आणि तळेगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मला त्याचा राग येत होता, आणि तो शेजारी बसलेला असताना मला त्याची आठवणही येत होती.

गोल्फ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवटी चेंडू एका छोट्या खळग्यात घालायचा असतो, खळग्याभोवती गालिच्यासारखं गुळगुळीत गवत असतं, त्याला हिरवळ म्हणू. खळगा लांबून दिसावा म्हणून त्यात झेंडी रोवलेली असते. खेळणारा लांब असेल तर एक जण झेंडी धरून उभा राहतो, आणि चेंडू मारला की ती उपसून बाजूला होतो. एवढंच मन्याचं काम होतं.

आमचा गट सर्वांत शेवटी होता. आम्ही शेवटच्या हिरवळीवर आलो तेव्हा बाकीचे पाहुणे खेळ आटपून भोवती जमले होते. गर्दीत पुढं उर्मिलाबाईंचे धाकटे दीर दादासाहेब हातात लिंबूपाण्याचा पेला घेऊन उभे होते. ते कशाला तिथं आहेत हे बाईंनी वाटेतच मला सांगितलं होतं. गेली कित्येक वर्षं घरातल्या घरात दोघांची चुरस होती आणि दर वेळी दादासाहेब एखाद्या फटक्यानं जिंकत. आज बाईंनी हा चेंडू एका फटक्यात खळग्यात घातला तर त्या जिंकणार होत्या. दोन फटके लागले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की क्लबाच्या रिवाजानं करंडक आदल्या वर्षीच्या विजेत्याकडं, म्हणजे दादासाहेबांकडंच राहायचा.

"नवरा गेला त्या वर्षीसुद्धा हा जिंकला," बाई हळूच म्हणाल्या. "सुतकात तरी हरावं की नाही माणसानं?"

चेंडू हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मन्या झेंडी धरून उभा होता, तोंड बाईंकडं. मी त्याच्यापासून चार पावलांवर. बाईंनी वाकून जमिनीचा उतार पाहिला, टोपी मागं सारली, एकदा दिराकडं बघितलं आणि चेंडू मारला.

चेंडू निघाला तो असा सरळ की गर्दीतून नुसता श्वास ओढल्याचा आवाज आला. मन्यानं झेंडी उपसायला हात घातला आणि ती अडकली. सकाळपासून शंभरदा निघाली असेल, नेमकी आता अडकली. त्यानं दोन्ही हातांनी धरून, मान उजवीकडं वळवून ती ओढली. निघाली. आणि चेंडू त्याच्या न दिसणाऱ्या डाव्या बाजूला, खळग्यापासून हातभर अंतरावर आला असताना मन्याचा डावा पाय सटकन बाहेर आला, चेंडू बुटाला लागून जागच्या जागी मेला, आणि त्याच झपाट्यात उजव्या पायानं त्यानं तो लाथाडून लांब घालवला. चेंडू गवतावरून उडत वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला. मन्या गुडघे वाकवून, झेंडी उजव्या हातात स्टिकसारखी आडवी धरून, पुढच्या फटक्याची वाट बघत उभा होता.

दादासाहेबांच्या पेल्यातला बर्फ वाजलेला मला ऐकू आला. आमचा मॅनेजर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. टर्फ घेऊन देते असं बाईंनी तोंडी कबूल केलं होतं, कागदावर अजून काही नव्हतं.

मन्या सावकाश सरळ झाला. आपण काय केलं ते त्याला आत्ता कळलं होतं. मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलो, बाई."

उर्मिलाबाई हिरवळ ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्याएवढ्याही नव्हत्या त्या. "काय केलंत हो हे?"

"आत चालला होता."

"मग कुठं जायला हवा होता?"

मन्यानं झेंडी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "तुमच्यात आत जायचा असतो, ते विसरलो."

बाईंनी एकदा त्याच्याकडं, एकदा वाळूच्या खड्ड्याकडं आणि एकदा दिराकडं पाहिलं. आणि हसायला लागल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग मोकळ्या तोंडानं, आणि मग त्यांना क्लबचा आधार घ्यावा लागला. त्या हसल्या तसे सगळे हसले. मन्या मात्र हसला नाही.

"नियम मला पाठ आहे," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "बाहेरच्या माणसानं अडवला तर फटका धरत नाहीत. तिथूनच परत मारायचा. आणि तुम्ही झेंडी सोडू नका, साळवे. फक्त पाय आवरा."

मी जाऊन वाळूतून चेंडू आणून दिला. बाई परत आपल्या जागी गेल्या. मन्या परत झेंडीपाशी. मी या वेळी त्याच्या अगदी जवळ उभा राहिलो, न जाणो, पाय परत निघाला तर धरायला. बाईंनी मारला. टक् असा आवाज झाला आणि मन्यानं मान खाली घालून झेंडी उपसली, या वेळी सहज निघाली. चेंडू अजून अर्ध्या वाटेवरही नव्हता.

"उजवीकडनं गेला," मन्या पुटपुटला.

"गप रे. सरळ येतोय."

चेंडू सरळच येत होता. खळग्याच्या वीतभर अलीकडं आला, उतारानं थोडा कलला आणि उजव्या कडेनं निघून गेला. गर्दीतून हळहळ उठली. दादासाहेबांनी पुढं होऊन बाईंचं अभिनंदन केलं, ते खरं म्हणजे स्वतःचंच होतं.

मला बाईंकडं बघवेना. पण त्या मन्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दर वर्षी हरते, पण सांगण्यासारखं कारण नसतं. यंदा जन्मभर पुरेल असं मिळालं. मैदानाचं सोमवारी बघू, माणूस पाठवते." आणि दिराला पुढं घालून जेवायला गेल्या. मॅनेजरनं डोक्यावरचे हात खाली घेतले.

हिरवळीवर मी आणि मन्या राहिलो. तो झेंडी परत खळग्यात रोवत होता, जरा जास्तच काळजीनं.

"काय अडवलास, लेका," मी म्हणालो.

"तू पण आता सुरू करू नको."

"मस्करी नाही. तुझ्या डाव्या बाजूला होता. तुला दिसला कसा?"

"दिसला कुठं?" तो एकदम चिडला. काळा चष्मा काढून त्यानं तोंड पुसलं. "तेच सांगतोय ना दोन वर्षं मी? दिसत नाही. मान तिकडं होती माझी, झेंडी निघत नव्हती. चेंडू दिसलासुद्धा नाही मला."

"मग अडवलास कसा?"

"अडवला म्हणजे..." त्यानं हात हलवला. "बाईंनी मारला ना. मारताना खांदा त्यांचा बंद होता, पाय इकडं रोखलेला. म्हणजे सरळ येणार. जोर केवढा होता तेही कळलं होतं, म्हणजे एवढ्या वेळात इथं..."

तो थांबला. बोलता बोलता माणूस पायरी चुकल्यावर थांबतो तसा.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसऱ्याला खांदा उघडला त्यांचा. दिराकडं लक्ष होतं. उजवीकडनंच जाणार होता तो." हे तो अगदी हळू म्हणाला, माझ्याशी नव्हे.

एरवी मी बडबड्या माणूस आहे, पण मी खेळायचो सेंटर हाफ, आणि कधी बोलू नये ते सेंटर हाफला कळावं लागतं. मन्या बराच वेळ त्या खळग्याकडं बघत उभा होता.

"शिर्क्या, चेंडू आहेत तुझ्याकडं?"

माझ्या पिशवीत होते. त्यानं मला हिरवळीच्या टोकाला पाठवलं आणि स्वतः खळग्यामागं उभा राहिला. "मार. कसाही मार. मला सांगू नको."

मी मारला. क्लब चेंडूला लागल्याबरोबर त्यानं तळहातानं उजवा डोळा झाकून घेतला. आता त्याला काहीच दिसत नव्हतं.

"डावीकडनं," तो म्हणाला. चेंडू डावीकडून गेला.

दुसरा मारला. "डावीकडनंच." गेला.

तिसरा. "हा पोचत नाही. मनातून मारलाच नाहीस." नाही पोचला.

चौथ्याला मी जरा डोकं चालवलं. खांदे डावीकडं ठेवले आणि शेवटच्या क्षणी मनगट वळवलं. तो म्हणाला डावीकडनं, आणि चेंडू उजवीकडून निघून गेला. आवाजावरून त्याला कळलं असावं. त्यानं डोळ्यावरचा हात काढला आणि तरातरा चालत माझ्याकडं आला.

मला वाटलं, झालं, संपलं. कशाला हुशारी केली असं झालं मला. एवढा वेळ जमून आलेलं मीच मोडलं होतं.

"परत मार," तो म्हणाला. "तसाच. सावकाश."

मी तसाच मारला. तो माझ्या हातांजवळ वाकून, तो एक डोळा बारीक करून बघत होता.

"मनगट," तो म्हणाला. "खांद्यानं खोटं बोललास आणि मनगटानं खरं केलंस. म्हणजे खांद्यावर थांबायचं नाही, खाली यायचं. हे मला माहीतच नव्हतं रे. इतकी वर्षं गोलात उभा राहिलो, चेंडू दिसायचा म्हणून इथवर बघायची वेळच आली नाही."

क्लबहाउसच्या व्हरांड्यातून कोणीतरी जेवायला हाका मारत होतं. आम्ही गेलो नाही. मी मारत राहिलो आणि तो डोळा झाकत राहिला. काही चुकले, बरेच बरोबर आले. चुकला की तो येऊन माझं मनगट धरून बघायचा. माझ्या कमरेचा काटा ढिला झाला तेव्हा कुठं तो म्हणाला, चल, भूक लागली. शाळेचा विषय त्यानं काढला नाही, आणि मी काढला नाही. नागपूरचाही नाही.

परतीच्या वाटेवर तो पुन्हा खिडकीबाहेर बघत होता. पण एकदा सिग्नलला गाडी थांबली तेव्हा फुटपाथवर क्रिकेट खेळणाऱ्या एका पोराकडं बघून तो म्हणाला, "लेगला मारणार." पोरानं लेगला मारला.

आम्ही खडकीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रिबेकावहिनी दारातच होत्या. आत खोलीत भिंतीलगत बांधाबांध केलेली खोकी दिसत होती. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. काय झालं, असं विचारणारं ते बघणं होतं. मी नुसती मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"चहा राहू दे," मन्या म्हणाला. बूट न काढताच तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावरच्या टोपलीतून मूठभर लिंबं घेऊन आला. कोपऱ्यातली केरसुणी उचलून त्यानं वहिनींच्या हातात दिली, आणि स्वतः मागच्या दाराच्या चौकटीत जाऊन गुडघे वाकवून उभा राहिला. चौकट त्याच्या रुंदीला कमीच पडत होती.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"लिंबू खाली ठेव आणि मार. माझ्याकडं."

"भावोजी, यांनी काही घेतलंय का?"

"नाही वहिनी. मारा तुम्ही."

वहिनींनी नाइलाजानं लिंबू फरशीवर ठेवलं आणि केर लोटावा तसं लोटलं. मन्यानं उजव्या डोळ्यावर हात धरला आणि डावा पाय टाकला. लिंबू बुटाला लागून थांबलं.

वहिनी त्याच्या पायाकडं बघत राहिल्या. मग त्याच्या डोळ्यावरच्या हाताकडं. "डोळा का झाकताय?"

"सवय करतोय." तो वाकून लिंबू त्यांच्याकडं परत घरंगळवत म्हणाला. "बघून अडवायचं सगळ्यांनाच येतं. पोरींना न बघता शिकवायचंय. सोमवारी जायचं तर आधी घरात जमायला नको?"

"सोमवारी कुठं?"

"मैदानावर. आणखी कुठं?"

वहिनींनी पदर कमरेला खोचला, लिंबू नीट पुढ्यात ठेवलं, केरसुणी उलटी करून बुंध्याकडून फिरवली, आणि दोन वर्षं पोटात धरून ठेवलेलं सगळं त्या एका फटक्यात घातलं. मन्याचा पाय निघाला, पण उशिरा निघाला. लिंबू त्याच्या दोन पायांमधून गेलं, पायरीवर आपटून फुटलं आणि अंगणात जाऊन पडलं.

खोलीभर लिंबाचा वास सुटला. मन्या डोळा झाकून तसाच वाकलेला होता.

"गेला," तो म्हणाला. "मार परत."